डोळ्याचा वाटा

आमच्या काकानं एका माणसाचा डोळा फोडला, आणि गावानं मिळून तो कारवीच्या काडीच्या नावावर घातला. इतकी वर्षं झाली, अजून आठवलं की डोक्यात तिडीक जाते. काकावर जाते, गावावर जाते, आणि सगळ्यात जास्त कुणावर जाते ते पुढं सांगतो.

गाव आमचं खोपोलीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. वर ठाकर आदिवासींची वाडी, खाली आमची भातशेती. होळी झाली की दुसऱ्या दिवशी पारध निघायची. वाडीतले आणि गावातले मिळून वीस-पंचवीस जण काठ्या आणि रिकामे डबे घेऊन डोंगराच्या वरच्या अंगानं रांगेत उतरायचे, ओरडत, डबे बडवत. याला म्हणायचे हाका. खाली वाटा अडवून बंदूकवाले बसलेले असायचे. रानडुक्कर हाक्याला बुजून खाली पळत येणार आणि बंदूकवाला ते टिपणार. गावात धड बंदूक एकच, काकाची दुनळी. बाकी दोन ठासणीच्या, त्या उडाल्या तर उडाल्या.

मी तेव्हा नुकताच साजगावच्या बाजूला एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो होतो. पारधीला काकाच्या शेजारी बसलो होतो. समोर कारवीची उंच झुडपं हलली. मी म्हटलं, "काका, थांबा. डुक्कर दिसत नाय."

"गप रं! हलतंय तो काय तुझा सासरा हाय?" म्हणून काकानं बार काढला.

कारवीतून माणसाची किंकाळी आली.

वाडीतला म्होरक्या होता तो. पन्नाशीच्या आतबाहेरचा, काटक. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. हाका कुठून सुरू करायचा, कुणी किती अंतरावर चालायचं, हे सगळं तोच ठरवायचा, आणि रांगेच्या पुढं चार पावलं तोच असायचा. काकाच्या बंदुकीत डुकराचं काडतूस होतं. त्यात वाटाण्याएवढे सहा-आठ छर्रे असतात आणि नळीतून बाहेर पडले की पसरतात. एक धोंड्यावर आपटून उलटला आणि मामाचा डावा डोळा फाडून गेला.

टेंपोत घालून कर्जतला नेलं. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? काका म्हणाला, "उतरणीवर पळताना कारवीची काडी घुसली." डॉक्टरनं मामाला विचारलं. मामा उरलेल्या डोळ्यानं काकाकडं बघून म्हणाला, "काडीच व्हती, सायेब." मग डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. बावीस वर्षांचा घोडा मी, पगार कमावणारा, आणि जमिनीवरच्या फरशा मोजत बसलो!

पुढच्या वर्षी पुन्हा पारध. मामा पुन्हा म्होरक्या, डाव्या डोळ्याच्या जागी शिवलेली पापणी. डुक्कर पडलं. आमच्याकडं मांसाचे वाटे पाडायची रीत अशी की पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावायचे, एकानं ढिगांकडं पाठ करून बसायचं, दुसऱ्यानं ढिगावर काठी ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याचा तो ढीग. गरीब-श्रीमंत काही नाही, हाक्यात चालला त्याला वाटा. बंदुकीला एक वेगळा. कुत्र्यांनाही एक.

त्या वर्षी पाठमोरा बसला होता काका. काठी पडत गेली, नावं येत गेली. "हा कुणाचा?" काका म्हणाला, "मामाचा." मग पुढच्या ढिगावर काठी. "हा कुणाचा?" काका म्हणाला, "मामाच्या डोळ्याचा."

सगळे खूश! म्हातारी माणसं माना डोलवायला लागली की बघा, न्यायाचा माणूस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बंदुकीचा वाटा, कुत्र्यांचा वाटा, आणि त्याच रांगेत एका माणसाच्या डोळ्याचा वाटा! त्यावर मामानं दोन्ही ढीग उचलले, एकात एक घातले, आणि हसला. मला तर त्याचाही राग आला. अरे, हसतोस काय बाबा? शेरभर मांसावर डोळा विकलास?

त्या दिवशी मी ठरवलं, आपली स्वतःची बंदूक घ्यायची आणि हा हाकाच बंद पाडायचा. पुन्हा आमच्या गावच्या बंदुकीपुढं कुणी माणूस चालता कामा नये. भाताला डुकरांचा त्रास होता हे खरं, एका रात्रीत खाचर नांगरल्यासारखं करून जायची. पण पहाटे ती डोंगराकडं परततात तेव्हा त्यांच्या ठरलेल्या वाटा असतात. त्या वाटेवर एकट्यानं बसावं, फटफटलं की नीट दिसेल असं डुक्कर निवडावं, आणि एका गोळीत आडवं करावं. मध्ये कुणी नको, आरडाओरडा नको. त्यासाठी छर्ऱ्याची बंदूक कामाची नव्हती, रायफलच पाहिजे होती. मी फिटर माणूस. एक भोक, एक जागा, एवढंच मला कळतं.

गावाला कळल्यावर जो तो शहाणा झाला. काका म्हणाला, "दुनळी घे. एक चुकली तर दुसरी हाय." एक चुकली तर पुढच्याचा दुसरा डोळा हाय, असं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. दुसरा एक म्हणाला, रायफल घेऊन करणार काय, वरातीत बार काढता येतो का तिच्यानं? म्हणजे बंदूक घ्यायची ती लग्नात आवाज करायला! तिसऱ्याला वाटायचं, रायफलीला परवानाच मिळत नाही. हे मात्र अगदीच खोटं नव्हतं. कचेरीतला कारकून मला म्हणाला, "पीक राखायचंय ना? मग ठासणीची पुरे. रायफल काय वाघाला मारायला पाहिजे?" मी म्हटलं, "साहेब, ठासणीची कुठं लागेल ते देवालाही सांगता येत नाही, म्हणून रायफल पाहिजे." चार वेळा खेपा घातल्या. दर वेळी कारखान्यातली रजा गेली. शेवटी परवाना हातात पडला तेव्हा आनंद होण्याऐवजी मी घरी येऊन बायकोवरच डाफरलो.

लोधिवलीला एक निवृत्त फौजी होता, त्याच्याकडं गेलो. त्यानं मला पहिल्यांदा नीट समजावलं. म्हणाला, बोल्टवाली घे. हातानं बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, मग एक गोळी नळीत जाते. घाईचं काम नाही, त्यामुळं माणूस विचार करून चाप ओढतो. बोल्ट उघडा ठेवला की चार हातांवरूनही दिसतं की बंदूक रिकामी आहे. आणि यंत्र साधं, तुझ्यासारख्याला घरी साफ करता येईल. मग बोअरचं, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापाचं निघालं. पॉइंट दोन-दोन स्वस्त, गोळ्याही स्वस्त, कागदावर नेम धरायला झकास, पण डुकराला ती लागली तर नुसतं चवताळतं. परदेशी घ्यायची तर शेत विकावं लागेल. राहिली आपल्या सरकारी कारखान्यातली तीनशे पंधरा. जड आहे, रंगरूप काही नाही, पण झेपेल आणि गोळ्या मिळत राहतील. "गोळी मिळत नसेल तर ती रायफल नाय, काठी हाय," असं तो म्हणाला.

मुंबईतल्या दुकानात गेलो तर दुकानदारानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. हाफ बाह्यांचा सदरा, नखांत ग्रीस. त्यानं आधी एक परदेशी रायफल काढली, दस्ता असा की त्यात तोंड दिसावं. मी हात लावायच्या आत किंमत सांगितली. मी म्हटलं, "मला बघायला नको, घ्यायला पाहिजे." मग त्यानं आतून एक जुनी तीनशे पंधरा आणली. कुणा बड्या घरची, फारशी वापरलेली नाही, तुम्हाला म्हणून स्वस्तात. मी बोल्ट काढला, नळी उजेडाकडं धरून आत बघितलं. आतले आटे चांगले होते. मग बोल्टवरचा नंबर बघितला आणि रायफलीच्या अंगावरचा बघितला. दोन वेगळे! दुसऱ्याच कुठल्या रायफलीचा बोल्ट हिच्यात घातलेला. बोल्ट ज्याच्या त्याच्या घरात घासून बसवलेला असतो. तो दुसऱ्या घरात सैल बसला तर काडतूस मागच्या बाजूनं फुटून गोळी मारणाऱ्याच्याच तोंडावर यायची.

मी दुकानात असा ओरडलो की बाहेरचे लोक आत डोकावले. "लोकांचे डोळे काढायला बसलात का इथं?" दुकानदार म्हणायला लागला, काय झालं, चालते, किती लोक वापरतात. चालते! काकाही हेच म्हणायचा. त्या बिचाऱ्याला काय माहीत मी कुणाचा राग कुणावर काढतोय. पण त्यानंतर त्यानं नवी कोरी तीनशे पंधरा गुपचूप काउंटरवर ठेवली. बोल्ट खरखरीत होता, चाप जड होता, दस्त्याला लाकूड होतं म्हणून लाकूड म्हणायचं. पण नंबर जुळत होते. नळीचं तोंड साफ कापलेलं, टोकावरची नेम धरायची माशी सरळ. खांद्याला लावली तर गाल आपोआप जागेवर बसला. मी ती घेतली.

आता खरं सांगायचं तर त्या रायफलीवर माझा जीव जडला. रविवारी सकाळी मी कोरड्या नदीच्या पात्रात जायचो. मागं उंच दरड, पुढं फळीवर चिकटवलेला कागद, त्यावर कोळशानं काढलेला गोल. पालथं पडायचं, श्वास सोडायचा, चाप हळूहळू दाबायचा. सुरुवातीला गोळ्या गोलाच्या वर, डावीकडं पडत होत्या. माशी जरा जरा सरकवत आणली. चापाचा जडपणा अंगवळणी पडला. काही महिन्यांत शंभर पावलांवरून पाच गोळ्या तळहाताखाली झाकता येतील अशा बसायला लागल्या. कारखान्यातला साहेब म्हणाला, जिल्ह्याच्या नेमबाजीत उतर. उतरलो, तिसरा आलो. घरी येऊन तो कागद भिंतीला लावला.

पण काकाची दुनळी घरात होती तोवर पारध बंद होणार नव्हती. काकाचे हात आता कापत होते, चहाची बशी सांडायची, तरी शिमग्याला बंदूक पुसायला काढायचा. एके दिवशी मी गेलो आणि उभ्या उभ्या म्हटलं, "काका, बंदूक चौकीत जमा करा. नाहीतर मी कर्जतच्या डॉक्टरला जाऊन सांगतो काडी कसली होती ते."

"तवा का नाय बोललास?" काका एवढंच म्हणाला. मी आणखी मोठ्यानं बोललो. आठवड्यात बंदूक जमा झाली. त्यानंतर काका माझ्याशी मरेपर्यंत धड बोलला नाही. नाही बोलत तर नाही, असं मी बायकोला म्हणायचो.

त्या आश्विनात मी पहाटे वाटेवर बसून तीन डुकरं पाडली. तीन गोळ्या, तीन डुकरं. भात वाचलं. मांस गावात वाटलं, आणि आठवणीनं एक अख्खी तंगडी वाडीत मामाकडं पाठवली. डोळ्याचा वाटा मी मोडलेला नाही, उलट वाढवला, असं मला वाटत होतं. तासाभरात तंगडी परत आली. नेणारा म्हणाला, "मामा म्हणतो, आमी हाक्यात नव्हतो." मी म्हटलं, माजलाय म्हातारा! एवढं त्याच्यासाठी करतोय आणि याला मान पाहिजे! ती तंगडी मी रागानं कुत्र्यांना घातली.

शिमगा आला, पारध निघाली नाही. पुढचा शिमगा आला, तेव्हाही नाही. मला वाटलं, जिंकलो.

त्या दुसऱ्या शिमग्यानंतरच्या रविवारी मी नदीत नेम धरत पडलो होतो. पाच गोळ्या झाल्या, बोल्ट उघडून रायफल बाजूला ठेवली आणि मागं बघितलं तर मामा. धोंड्यावर बसलेला. कधी आला होता कोण जाणे, गोळ्यांचा आवाज थांबेपर्यंत तिथंच बसून राहिला होता.

"लागतात रं तुझ्या," तो म्हणाला.

"लागतात," मी म्हटलं. तंगडीचा राग गेला नव्हता.

"दादा, पारध कधी काढतोस?"

मी सरळ सांगितलं. "मामा, पारध आता नाय. हाका नाय. तुझा डोळा गेला तेवढा पुरे. पुन्हा कुणाचा जायला नको म्हणून तर हे सगळं केलं."

"डोळा माझा गेला," मामा म्हणाला. "मला इचारलंस?"

मी चिडलो. काय विचारायचं त्यात? मी म्हटलं, "अरे, शेरभर मांसासाठी तुम्ही लोक जीव धोक्यात घालता. मी घरबसल्या तंगडी पाठवली तर परत करतोस."

मामा उठला. त्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "मांस मागून मिळतं रं! खालच्या गावात लगीन असलं तर पत्रावळ कोनी बी देतो. हाक्याचा वाटा मागावा लागत नाय. काठी पडली की तुज्या काकाला माजं नाव घ्यावं लागायचं, सगळ्यांच्या म्होरं. वरसातून एकदा. बाकी दिस कोन आमचं नाव घेतं तुमच्यात? दोन वरसं झाली, वाडीतल्या कोनाचं नाव तुमच्या गावात घेतलं नाय."

मी म्हटलं, "पण डोळ्याचा वाटा घेताना तू हसलास."

"मग काय करायचं व्हतं? रडायचं? सगळ्यांसमोर काकाच्या तोंडून निघालं, डोळ्याचा. दवाखान्यात काडीचा म्हनाला व्हता. तवा मला बरं वाटलं."

हे मला सुचलंच नव्हतं. मी तिथं होतो, माझ्यासमोर तो ढीग पडला होता, आणि त्या शब्दात कबुली आहे हे मामाला कळलं, मला नाही. मला मांस दिसलं.

मामा थोडा शांत झाला. जवळ आला, रायफलीकडं बघितलं, हात लावला नाही. "तू ही आनलीस तवा वाडीत मी सांगितलं, आता बेस झालं. पोराचा नेम पक्का हाय, न बघता उडवत नाय. आता तो बसंल खाली, आमी डोळा मिटून हाकू. वाट बघितली आमी दोन शिमगे. तू का नाय बसत?"

आता याला कसं सांगू? मी फळीकडं गेलो, कागद काढला, आणि फळीतली भोकं दाखवली. गोळ्या फळीतून आरपार जाऊन मागच्या दरडीत हातभर घुसल्या होत्या. "मामा, ही गोळी डुकरात थांबत नाय. डुकरातून पार होईल, कारवीतून जाईल, आणि मागं तू असशील. छर्रा शंभर पावलांवर जीव सोडतो, ही मैलभर जाते. हिच्यापुढं हाका चालत नाय. कधीच नाय."

मामानं भोकात करंगळी घालून बघितली. मग दरडीकडं बघितलं. त्याला सगळं कळलं. रानात जन्म गेलेला माणूस तो.

"हे तुला घेताना ठावं व्हतं?"

"होतं."

"दुसरी कोनची बंदूक व्हती, जिच्यापुढं चालता आलं असतं? नीट बघून उडवनाऱ्याच्या हातात?"

होती. काकाची दुनळीच माझ्या हातात चालली असती. काडतूस एका छर्ऱ्याचं घेता आलं असतं, उतरणीवर जागा नीट निवडता आली असती, दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही एवढंच पाळायचं होतं. ते मला येत होतं. लोधिवलीचा फौजीही हे सांगू शकला असता, पण मी त्याला विचारलं ते रायफलीचं.

"होती," मी म्हटलं.

"मग ही कोनासाठी घेतलीस रं?"

मला म्हणायचं होतं, तुमच्यासाठी. पहिल्यापासून हेच सगळ्यांना सांगत आलो होतो, काकाला, बायकोला, कारकुनाला. तोंड उघडलं, पण मामा समोर उभा होता, एका डोळ्यानं माझ्याकडं बघत, आणि माझ्या हातात पाच भोकांचा तो कागद होता. तो मी जपून घडी घालून खिशात ठेवला. सगळ्यात जास्त तिडीक जाते ती त्या घडी घालणाऱ्यावर. मामा पात्र ओलांडून वाडीच्या वाटेला लागला.